प्रोटॉन स्थलांतराची संक्रमण अवस्था: अभिसरण तपासणीच्या नोंदी

३ मार्च २०२५
काम असं: संक्रमण अवस्था, म्हणजे अभिकारकाकडून उत्पादिताकडे जाणाऱ्या वाटेवरचं ऊर्जेचं शिखर, शोधायची आमची ठरलेली पद्धत (एनईबी, म्हणजे दोन टोकांमध्ये रेणूच्या रचनांची साखळी; मग अचूक शोध, मग कंपनांच्या फ्रिक्वेन्सी, मग आयआरसी, म्हणजे शिखरावरून दोन्हीकडे उतरणारा मार्ग) मोठ्या रेणूंवर लावण्याआधी ती कुठे खोटं बोलते ते शोधायचं. त्यासाठी दोन छोटे रेणू घेतले. पहिला मॅलोनाल्डिहाइड: ९ अणू, ३८ इलेक्ट्रॉन, एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उडी मारणारा एकच प्रोटॉन. दुसरा फॉर्मिक अ‍ॅसिड डायमर: १० अणू, एकाच वेळी दोन प्रोटॉन.

दोन्ही अभिक्रिया सममित आहेत म्हणून निवडल्या. अभिकारक आणि उत्पादित एकच असल्यामुळे पुढचा अडथळा (टोकापासून शिखराची उंची) आणि उलटा अडथळा काटेकोर सारखाच यायला हवा. त्यात जो फरक येईल तो सगळा आकडेमोडीचा. अशी फुकटची मोजपट्टी असममित अभिक्रियेत मिळत नाही.

चुकीचं अंदाजपत्रक: अडथळ्यात आकडेमोडीमुळे येणारी एकूण चूक ०.१ किलोकॅलरी प्रति मोलच्या आत. २९८ केल्विनला आरटी (वायू स्थिरांक × तापमान) ०.५९३ येतो, म्हणजे ०.१ च्या चुकीने वेग १८ टक्क्यांनी बदलतो. १ किलोकॅलरीच्या चुकीने तो साडेपाच पटीच्या जवळ जातो आणि १.३६ ला दहा पट होतो. फंक्शनलची (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायच्या अंदाजी सूत्राची) स्वतःची चूक या अंदाजपत्रकात धरलेली नाही. ती वेगळ्या वहीत.

५ मार्च २०२५
मॅलोनाल्डिहाइडची दोन्ही टोकं. उत्पादिताची रचना पहिल्यांदा अभिकारकाचे निर्देशांक आरशात फिरवून बनवली होती. पडद्यावर एकदम बरोबर दिसली, ऊर्जाही जुळली. साखळी मात्र पहिल्याच फेरीत फुटली: मधल्या प्रतिमांमध्ये (साखळीतल्या रचनांमध्ये) कार्बन एकमेकांतून आरपार जात होते. कारण सरळ आहे. आरशात आकार जुळतो, अणूंचे क्रमांक जुळत नाहीत. पहिल्या क्रमांकाचा ऑक्सिजन उजवीकडून डावीकडे गेला, त्यामुळे प्रोग्रामला प्रोटॉन हलवायचा नव्हता, अख्खा सांगाडा उलटा करायचा होता.

दुरुस्ती: आरसा नको. अभिकारकातला तो एकच हायड्रोजन उचलून दुसऱ्या ऑक्सिजनपासून १.० अँगस्ट्रॉमवर ठेवायचा आणि रचना पुन्हा शिथिल करायची (ऊर्जा किमान होईपर्यंत हलू द्यायची). क्रमांक आपोआप टिकतात. एकेरी आणि दुहेरी बंध जागा बदलतात ते शिथिलीकरण सांभाळून घेतं. नंतर उत्पादित अभिकारकावर फिरवून-सरकवून बसवायचं, म्हणजे साखळीच्या प्रतिमा नुसत्या गिरकीवर खर्च होत नाहीत.

टोकांची कसोटी: दोन्हींच्या ऊर्जेत १०^-६ हार्ट्रीपेक्षा, म्हणजे ०.०००६ किलोकॅलरीपेक्षा, जास्त फरक नको. पहिल्यांदा आलेला फरक याच्या वर होता. एक टोक साध्या मर्यादेवर थांबलं होतं, दुसरं कडक मर्यादेवर. दोन्ही कडक मर्यादेवर चालवल्यावर मिटला.

६ मार्च २०२५
साखळीत किती प्रतिमा? यावर नेहमी सवयीने उत्तर दिलं जातं, म्हणून आज कागदावर मांडलं. शिखराभोवती सममित दुहेरी विहीर धरली: ई = अडथळा × (१ − क्ष²)², जिथे क्ष शिखरावर ० आणि टोकांवर १. प्रतिमा समान अंतरावर आहेत आणि चढती प्रतिमा (एका प्रतिमेला शिखरावर चढवण्याची सोय) बंद आहे. मधल्या प्रतिमांची संख्या सम असेल तर शिखरावर कोणीच बसत नाही. सगळ्यात जवळची प्रतिमा अर्ध्या अंतरावर.

४ प्रतिमा: जवळची प्रतिमा क्ष = १/५ वर, अडथळा ७.८ टक्के कमी.
८ प्रतिमा: क्ष = १/९, अडथळा २.५ टक्के कमी.
१६ प्रतिमा: क्ष = १/१७, ०.७ टक्के कमी.

मॅलोनाल्डिहाइडचा अडथळा उच्च पातळीच्या गणितात साधारण ४ किलोकॅलरी आहे. म्हणजे ८ प्रतिमांची नुसती साखळी ०.१ ने कमी दाखवणार. पूर्ण अंदाजपत्रक एका फटक्यात संपलं.

आता यातली गंमत. ७ किंवा ९ प्रतिमा घेतल्या की मधली प्रतिमा सममितीमुळेच शिखरावर बसते, चढती प्रतिमा चालू नसतानाही. अडथळा एकदम बरोबर येतो, आणि ७, ९, ११ अशी मालिका चालवून ‘प्रतिमांच्या संख्येनुसार अभिसरण झालं’ (आकडा स्थिरावला) असं लिहून मोकळं होता येतं. तो अभिसरणाचा पुरावा नाही, योगायोग आहे. असममित अभिक्रियेत तो टिकणार नाही. म्हणून इथे मुद्दाम सम संख्या, ८, ठेवली आणि चढती प्रतिमा चालू केली. चढत्या प्रतिमेवरून स्प्रिंगचं बल काढलं जातं आणि मार्गाच्या दिशेतलं खरं बल उलटवलं जातं, त्यामुळे ती मधोमध सरकून शिखर गाठते आणि तिच्या दोन बाजूंची अंतरं असमान होतात. तसंच झालं पाहिजे. अंतरं समानच राहिली तर ती प्रतिमा चढलेली नाही.

सुरुवातीच्या सरळ रेषेतल्या मार्गाचा अडथळा खूपच वर निघतो, त्याने घाबरू नये. किमान ऊर्जेच्या रचनेत दोन ऑक्सिजनांमधलं अंतर २.५५ ते २.६ अँगस्ट्रॉम असतं, संक्रमण अवस्थेत ते २.३६ च्या आसपास येतं. सरळ रेषेच्या मार्गात दोन्ही टोकांवर अंतर सारखंच, म्हणून मध्येही तेवढंच राहतं. प्रोटॉनला रुंद दरी ओलांडायला लावतो आपण. साखळी शिथिल होताना आधी ऑक्सिजन जवळ येतात, मग प्रोटॉन सरकतो.

१० मार्च २०२५
बलाची मर्यादा. प्रत्येक प्रोग्रामचं एकक वेगळं, आणि अर्धे वाद तिथेच होतात. १ हार्ट्री प्रति बोर = ५१.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम. गॉसियनची साधी कमाल बल मर्यादा ०.०००४५ हार्ट्री प्रति बोर, म्हणजे ०.०२३ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम. क्वांटम एस्प्रेसोच्या साखळीची मूळ मर्यादा ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम, म्हणजे गॉसियनच्या दुपटीहून थोडी सैल, आणि ती मार्गाला लंब असलेल्या बलावर लागते.

०.०५ वर थांबलं तर नेमकं काय बिघडतं? मऊ दिशेतला बलस्थिरांक ०.०१ हार्ट्री प्रति चौरस बोर धरू. उरलेलं बल ०.०००९७. ऊर्जेतली चूक (बल²/२के) निघते ०.०३ किलोकॅलरी, म्हणजे सुसह्य. भूमितीतली चूक (बल/के) निघते ०.०९७ बोर, म्हणजे ०.०५ अँगस्ट्रॉम. ही सुसह्य नाही. ऊर्जा बलाच्या वर्गाने शांत होते, भूमिती पहिल्या घातानेच होते. फ्रिक्वेन्सी भूमितीच्या मागे असते. त्यामुळे ऊर्जा स्थिरावली हे बघून थांबणाऱ्याचं नेहमी सगळ्यात लवकर समाधान होतं.

शिवाय खोगीर बिंदूला, म्हणजे संक्रमण अवस्थेला (एका दिशेत शिखर, बाकी सगळ्यांत तळ), एक वाईट खोड आहे. किमान बिंदूजवळ भूमिती अपुरी असली तर ऊर्जा नेहमी वरच राहते; चूक कोणत्या बाजूला आहे ते माहीत असतं. खोगिरावर मार्गाच्या दिशेतली चूक ऊर्जा खाली ओढते आणि बाकीच्या दिशांतली वर ढकलते. दोन्ही एकमेकांना खाऊन ऊर्जा अगदी बरोबर दिसू शकते आणि रचना तरीही चुकलेली असते. म्हणून ‘गेल्या पाच फेऱ्यांत ऊर्जा हलली नाही’ हा निकष खोगिरासाठी बाद. बल आणि विस्थापन दोन्ही बघायचं.

ठरलं: साखळी ०.०५ पर्यंतच. तिथून चढत्या प्रतिमेची रचना घेऊन आयगेनव्हेक्टर अनुसरणाने (एका दिशेत चढत, बाकीच्यांत उतरत) कडक शोध, कमाल बल ०.००००१५ हार्ट्री प्रति बोर. साखळीलाच तेवढं कडक करत बसणं म्हणजे आठ रचनांची हमाली एका रचनेसाठी.

११ मार्च २०२५
कडक शोध पहिल्या खेपेला किमान बिंदूत घसरला. हेसियन (ऊर्जेच्या दुसऱ्या अवकलजांची सारणी) अंदाजी दिला होता. अंदाजी हेसियन नियमाने बनवलेला असतो, त्याची सगळी आयगेनमूल्यं (प्रत्येक दिशेतली वक्रता) धन असतात. खोगीर शोधणाऱ्याला वर चढायची दिशाच मिळत नाही. सुरुवातीला एकदा खरा हेसियन काढला, त्यातलं एकच ऋण मूल्य प्रोटॉनच्या हालचालीचं आहे हे डोळ्यांनी बघितलं, मग दर पाच पावलांनी हेसियन नव्याने. उतरलं.

मॅलोनाल्डिहाइडची संक्रमण अवस्था सी२व्ही सममितीची आहे, म्हणजे तिचे दोन्ही अर्धे सारखे. म्हणून तिसरा, पूर्ण स्वतंत्र रस्ता आहे: सी२व्ही सममिती पक्की धरून साधं किमानीकरण. सममित उपअवकाशात ते खोगीर किमान बिंदूच असतं. आता तीन रस्त्यांनी तीच रचना आली पाहिजे: साखळीतून, वेडीवाकडी केलेली रचना देऊन कडक शोधातून, आणि सममित किमानीकरणातून. कसोटी ०.०१ किलोकॅलरी आणि दोन ऑक्सिजन-हायड्रोजन अंतरांत ०.००१ अँगस्ट्रॉम. साखळीतून आलेली रचना थेट लावली तेव्हा ऊर्जा जुळली, अंतरं जुळली नाहीत. कालचं गणित तेच सांगत होतं. कडक शोधानंतर तिन्ही जुळले.

तरंगफलनाची स्थिरता तपासणी इथेच उरकली. बंध तुटत-जुळत असतात तिथे बंद कवचाचं (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत धरलेलं) उत्तर अस्थिर निघू शकतं. इथे स्थिर आहे.

१३ मार्च २०२५
हेसियन विश्लेषक पद्धतीने मिळत नसेल तेव्हा तो बलांच्या फरकातून काढतात, आणि बलातला गोंधळ तिथे गुणाकार होऊन बाहेर येतो. आकडे: अणू ०.००५ बोरने दोन्हीकडे सरकवला, एका बाजूच्या बलात १०^-५ ची गडबड आहे. दुसऱ्या अवकलजात चूक १०^-५ ÷ ०.०१ = ०.००१. आता २०० प्रति सेंमीचं कार्बनचं कंपन घेतलं तर त्याचा बलस्थिरांक ०.०१८ निघतो. चूक साडेपाच टक्के, फ्रिक्वेन्सीत साधारण ५ प्रति सेंमी. चालेल. पण बलात १०^-४ ची गडबड असेल तर तीच फ्रिक्वेन्सी १३५ पासून २५० पर्यंत कुठेही दिसू शकते, आणि ५० प्रति सेंमीचं कंपन सरळ काल्पनिक (वक्रता ऋण असल्याची खूण) होऊन बसतं.

‘दोन काल्पनिक फ्रिक्वेन्सी आल्या’ अशी तक्रार आली की आधी हे बघायचं. दुसरी लहान असेल तर रसायनशास्त्राला हात लावण्याआधी स्वयंसंगत क्षेत्राची (इलेक्ट्रॉनांच्या गणिताच्या फेऱ्या थांबवण्याची) मर्यादा १०^-८ हार्ट्री किंवा त्याखाली न्यायची, ग्रिड (फंक्शनलचं संकलन ज्या बिंदूंवर होतं ते जाळं) एक पायरी वाढवायचं, पुन्हा फ्रिक्वेन्सी. तरीही राहिली तर ती खरी. मग त्या कंपनाच्या दिशेने रचना थोडी ढकलून पुन्हा शोध.

मोजणी: ९ अणू, २७ − ६ = २१ कंपनं. खोगिरावर २० खरी आणि १ काल्पनिक. स्थानांतरण-परिभ्रमणाच्या सहा फ्रिक्वेन्सीही छापून घ्यायच्या. त्या शून्याजवळ नसतील तर भूमिती अजून उतरलेली नाही किंवा ग्रिड खडबडीत आहे.

१४ मार्च २०२५
स्वस्त तपासणी, आणि फार कमी लोक करतात. सरकणाऱ्या हायड्रोजनचं वस्तुमान ड्यूटेरियमचं करायचं आणि तोच हेसियन पुन्हा कर्णित करायचा (त्यातून फ्रिक्वेन्सी काढायच्या). नवं इलेक्ट्रॉनिक गणित काहीच नाही, सेकंदांचं काम. काल्पनिक फ्रिक्वेन्सी खरंच प्रोटॉनची असेल तर ती १.४ च्या जवळपास पटीने कमी होते. जेमतेम हलली तर समजायचं की आपण सांगाड्याच्या कुठल्यातरी वळणाचं खोगीर पकडून बसलो आहोत.

१८ मार्च २०२५
फॉर्मिक अ‍ॅसिड डायमर. इथे सापळा वेगळा आहे. दोन प्रोटॉन, आणि सरळ रेषेचा मार्ग दोघांना एकाच लयीत हलवतो. सुरुवात सममित असली की सममिती मोडणाऱ्या दिशेतलं बल काटेकोर शून्य असतं. मग साखळी कितीही फेऱ्या चालवा, ती त्या दिशेला वळणारच नाही. खरी अभिक्रिया दोन टप्प्यांत होत असती तरी साखळीने एकाच उडीचा मार्ग दाखवला असता आणि बल ०.०५ च्या खाली दाखवून ‘झालं’ म्हटलं असतं. तो बिंदू मग दुसऱ्या क्रमाचं खोगीर असतो, म्हणजे डोंगराची धार.

म्हणून प्रत्येक मधल्या प्रतिमेतल्या सगळ्या अणूंना ०.०२ अँगस्ट्रॉमपर्यंतचा यादृच्छिक धक्का दिला, प्रोग्रामची सममिती बंद केली, तीन वेगळ्या बीजांनी साखळी चालवली. तिन्ही परत पूर्ण सममित (डी२एच) खोगिरावर आल्या. फ्रिक्वेन्सीत ३० − ६ = २४ पैकी एकच काल्पनिक, त्यात दोन्ही प्रोटॉन एकत्र हलतात. म्हणजे इथे एकत्रित उडीच खरी आहे. ही खात्री मिळाली ती धक्का देऊन चालवल्यामुळे. पहिल्या गुळगुळीत साखळीनेही नेमकं हेच उत्तर दिलं होतं, पण तिच्याकडे दुसरं काही सांगायची मुभाच नव्हती.

जाता जाता: या जोडीत बेसिस सेटच्या (इलेक्ट्रॉन मांडायच्या फलनांच्या संचाच्या) उसनवारीची दुरुस्ती, म्हणजे काउंटरपॉइज, अडथळ्यावर लावायची का असं विचारलं जातं. लावू नये. ती दुरुस्ती दोन तुकडे ठरवून मागते, आणि खोगिरावर प्रोटॉन नेमका मधोमध आहे; तो कोणाचा हे ठरवणार कोण? बेसिस सेट मोठा करणं हाच मार्ग.

२० मार्च २०२५
मऊ कंपनं. मॅलोनाल्डिहाइड कडक आहे, त्यात हा प्रश्न दिसलाच नाही. डायमरमध्ये दोन रेणूंची एकमेकांविरुद्धची पिळवटणूक ६९ प्रति सेंमीला आहे. शिवाय खोगिरावर दोन रेणू जवळ ओढले जातात, त्यामुळे ही कंपनं तिथे ताठ होतात. अभिकारकातली चूक आणि खोगिरातली चूक एकमेकांना खात नाहीत.

अशा कंपनाची फ्रिक्वेन्सी २० ऐवजी ४० आली तर २९८ केल्विनला मुक्त ऊर्जा आरटी × एलएन २ म्हणजे ०.४१ किलोकॅलरीने बदलते. इलेक्ट्रॉनिक ऊर्जा तिसऱ्या दशांशापर्यंत घासून आणायची आणि इथे ०.४ सांडायचं याला अर्थ नाही. १०० प्रति सेंमीच्या खालच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी १०० ला उचलण्याचा उपाय आणि मुक्त परिभ्रमणाकडे हळूहळू वळवणारा ग्रिम्मेचा २०१२ चा उपाय, दोन्हींनी आकडा काढायचा. दोघांत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर अडथळा नव्हे, पट्टा छापायचा.

ग्रिडची तपासणी: तीच रचना अवकाशात वेड्यावाकड्या कोनांत फिरवून मुक्त ऊर्जा पुन्हा काढायची. भौतिक बदल शून्य, म्हणून जो फरक येतो तो ग्रिडचा. पहिल्या प्रयत्नात सगळे फरक शून्य आले आणि आनंद झाला. तो खोटा होता: प्रोग्राम आत घेतल्याबरोबर रेणू स्वतःच्या प्रमाण स्थितीत फिरवून घेत होता, आमचं फिरवणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. सममिती बंद केल्यावर खरे फरक दिसले. ७५ त्रिज्य आणि ३०२ कोनीय बिंदूंच्या ग्रिडवर मऊ कंपनं कोनानुसार सरकतात. ९९ आणि ५९० वर शांत झाली. मिनेसोटा कुटुंबातली फंक्शनल वापरायची असतील तर यापेक्षा कमी ग्रिड नकोच, ती ग्रिडबाबत हळवी आहेत.

२४ मार्च २०२५
आयआरसी. पाऊल ०.१ (वस्तुमानभारित, एएमयूचं वर्गमूळ × बोर) ही नेहमीची लांबी. शिखराजवळ हालचाल जवळपास निव्वळ प्रोटॉनची असते आणि त्याचं वस्तुमान १, म्हणजे एका पावलात तो ०.०५ अँगस्ट्रॉम जातो. त्याला एकूण जायचंय ०.२ च्या आसपास. चार पावलांत सगळा प्रसंग संपला तर मार्ग वळणावर नागमोडी होतो. ०.०५ पाऊल घेतल्यावर नागमोड गेली. पुढे मार्ग ऑक्सिजन दूर जाण्याचा होतो, जड अणूंचा, तिथे ०.१ पुरतं.

तपासणी दोन: दोन्ही बाजूंची ऊर्जा पावलागणिक सारखी (ही सममित अभिक्रियेची कृपा), आणि दोन्ही टोकं पुढे शिथिल केल्यावर ५ तारखेच्या टोकांशी जुळणारी. आयआरसी सपाट भागात लवकर थांबतो. त्याचं शेवटचं टोक म्हणजे किमान बिंदू असं धरू नये.

२६ मार्च २०२५
बेसिस सेट: दुहेरी झीटा, तिहेरी, चौहेरी (वाढत्या आकाराने), प्रत्येकी खोगीर आणि टोक दोन्ही नव्याने उतरवून. एकूण ऊर्जा चौहेरीलाही हलतच असते, तिच्याकडे बघायचं नाही. अडथळा हा फरक आहे, तोच बघायचा. तिहेरी ते चौहेरी बदल अंदाजपत्रकात बसला, दुहेरी ते तिहेरी बसला नाही. दुहेरी झीटा यापुढे फक्त साखळीसाठी.

हे सगळं करून आकडा कशाला अभिसरित झाला? निवडलेल्या फंक्शनलच्या उत्तराला. मॅलोनाल्डिहाइडवर हार्ट्री-फॉक (इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध न धरणारी पद्धत) अडथळा ४ च्या दुपटीहून वर देतो, पीबीईसारखं जीजीए (घनता आणि तिचा उतार वापरणारं) फंक्शनल फार खाली, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी निर्दोष अभिसरित असतात. म्हणून अहवालात दोन ओळी वेगळ्या: ‘आकडेमोडीची चूक’ आणि ‘पद्धतीची चूक’. दुसरीसाठी अभिसरित भूमितींवर सीसीएसडी(टी) या उच्च पातळीच्या पद्धतीचं एकबिंदू (भूमिती न हलवता) गणित.

२८ मार्च २०२५
वेग. आयरिंगच्या समीकरणात (अडथळ्यावरून वेग काढायचं सूत्र) २९८ केल्विनला पूर्वघटक ६.२१ × १०^१२ प्रति सेकंद. बोगद्याची (प्रोटॉन अडथळ्याच्या आरपार निसटण्याची) दुरुस्ती विग्नरच्या सूत्राने करू गेलो तर १२०० प्रति सेंमीच्या काल्पनिक फ्रिक्वेन्सीला १ + १.४ = २.४ येतं. दुसरं पद पहिल्याहून मोठं झालं, म्हणजे मालिका तोडायची जागा उलटून गेली. हा आकडा छापायचा नाही. या रेणूत मुळात ‘अडथळा चढून जाणं’ हे चित्रच अपुरं आहे. मोजलेलं बोगदा-विभाजन (आरपार जाण्यामुळे दोन ऊर्जापातळ्यांत पडणारं अंतर) २१.६ प्रति सेंमी आहे, म्हणजे प्रोटॉन पाऊण पिकोसेकंदात पलीकडे असतो. प्रोटॉनच्या जागी ड्यूटेरियम ठेवलं की ते २.९ वर येतं. इलेक्ट्रॉनिक अडथळा दोघांना तोच.

चालू स्क्रिप्टमध्ये घातलं: क्रमांक तपासणी, एककं बदलून मर्यादा छापणं, प्रतिमांना यादृच्छिक धक्का, ड्यूटेरियम कर्णीकरण, फिरवलेल्या रचनेवर ग्रिड तपासणी सममिती बंद ठेवून.

उरलं: असममित अभिक्रियेत फुकटची मोजपट्टी नाही. तिथे टोकाकडून उलटी साखळी चालवून खोगीर तेच येतं का ते बघायचं. पहिली तीन रांगेत लावली आहेत.